पांघरुणाबाहेरचा पाय

रेश्मा लग्न होऊन पळसदेवला आली त्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी डोकं दुखत होतं म्हणून ती जरा आडवी झाली आणि उजेड नको म्हणून शाल तोंडावरून ओढून घेतली. डोळा लागतोय न लागतोय तोच कुणीतरी शाल खसकन खाली ओढली. उशाशी सासूबाई उभ्या होत्या.

"तोंड उघडं ठिवून निजायचं," जयवंताबाई म्हणाल्या. "आपल्या घरात तोंडावरनं कुणी घेत न्हाय."

आवाज चढलेला नव्हता. पण शालीच्या काठावरचा हात लगेच निघाला नाही. मग त्या बाहेरच्या खोलीत गेल्या, टीव्हीसमोर पाटावर बसल्या आणि मघाशी थांबवलेला पिक्चर पुढं सुरू केला. पडद्यावर एक माणूस रॉकेलच्या दुकानामागं दुसऱ्याला सुरा दाखवत होता.

गावात इतरांच्या घरी दुपारी मालिका चालायच्या, नाहीतर कीर्तन. जयवंताबाईंच्या टीव्हीवर झोपडपट्टी चालायची. जुने हिंदी पिक्चर, तेही कुणी नाव न ऐकलेले. त्यात खिसेकापू असायचे, हातभट्टीवाले असायचे, रेशनच्या साखरेत भेसळ करणारा शेठ असायचा आणि त्याच्या मागं लागलेला, स्वतःच अर्धपोटी असलेला एखादा हवालदार. मोबाइलवरचं टीव्हीवर कसं लावायचं हे ज्ञानेशने, रेश्माच्या नवऱ्याने, एकदाच दाखवलं होतं. त्यानंतर त्यांनी कुणाला विचारलं नाही. माइकचं बटण दाबून त्या सांगायच्या, "जुना पिक्चर, झोपडपट्टी, खून." टीव्ही ऐकायचा.

रेश्मा बारामतीत वाढलेली. तिच्या लेखी पिक्चर म्हणजे नवा, मोठा आणि गाण्यांचा. ती बाहेरच्या खोलीतच शिलाई मशीन लावून ब्लाउज शिवायची, त्यामुळे सगळे खून तिच्या कानांवरून जायचे. सुरुवातीला मापं द्यायला आलेल्या बायकांसमोर तिला लाजल्यासारखं व्हायचं. हळूहळू मात्र मशीनचं चाक थांबवून तीच बघायला लागली, कारण सासूबाई पिक्चर बघताना जे बोलायच्या ते पिक्चरपेक्षा भारी असायचं.

"ही झोपडी खोटी हाय."

"कशावरून?"

"पातेल्याचं बूड बघ की. चूल पेटल्याली, आन बूड चकचकीत. आन ही बाई भाकरी थापती का टाळ्या वाजवती?"

दुसऱ्या एका पिक्चरमध्ये एक कळकट बाई दोन मिनिटांसाठी पडद्यावर आली. तिने स्टोची हवा सोडली, पिन मारली, मग परत पंप मारला. जयवंताबाई पुढं सरकल्या. "हिनं घरी स्टो पेटवलाय. ही खरी हाय." त्या बाईला एकही वाक्य नव्हतं. पण पुढं आठवडाभर भाजी निवडताना तिचाच विषय निघत होता.

"मोठ्या पिक्चरमधी चोराला भूक लागत न्हाय," त्या एकदा म्हणाल्या. "हितं बघ, खिसा मारला आन पयला पाव घेतला. अर्धा खाल्ला, अर्धा शर्टात घातला. कुणीतरी बघून काढलंय हे."

समोरच्या आळीतली मनिषा ब्लाउज न्यायला आली होती, ती हसून म्हणाली, "मामी, तुमी पयलं पोलिसात व्हता का काय?"

"पोलिसात न्हवते. चोरांच्या शेजारी व्हते."

एवढंच बोलल्या. पुढं विचारलं तरी सांगितलं नाही.

काही गोष्टी मात्र रेश्माला खटकायच्या. गाणं आलं की सासूबाई ते पळवायच्या. गर्दी आली की थांबवायच्या, उठून टीव्हीजवळ जायच्या आणि कडेकडेची माणसं बघायच्या. हिरो मधोमध उभा राहून काय बोलतोय याच्याशी त्यांना घेणं नसायचं. आणि पिक्चरमध्ये मयत आली की पाटावर बसून राहणं त्यांना जमायचंच नाही. त्या उभ्या राहून बघायच्या, पदराचं टोक मुठीत धरून. संपलं की, "ह्यो न्हवं," म्हणायच्या आणि चहा ठेवायला जायच्या.

रेश्माला मुलगी झाली, निकिता. ती चालायला, बोलायला लागली. एकदा तिने बाहुलीला झोपवून वरून ओढणी घातली, तर आजीने येऊन बाहुलीच्या तोंडावरची ओढणी बाजूला केली. पोरगी परत घालायची, आजी परत काढायची. दोघींपैकी कुणीच हसत नव्हतं.

घराच्या मागं उभं राहिलं की उजनीचं पाणी दिसतं. वैशाखात ते मागं हटतं आणि जुन्या गावातलं देऊळ वर येतं. लोक होडीतून बघायला जातात, फोटो काढतात. जयवंताबाईंचं लग्न त्याच जुन्या गावात लागलं होतं, पण त्या कधी गेल्या नाहीत. "वर आलेलं परत खाली जातंय," त्या म्हणायच्या. "बघून काय करायचं?"

घरात आणखी एक माणूस होतं. ठमाबाई, जयवंताबाईंच्या सासूबाई. नव्वदीला टेकलेल्या. ओसरीवरच्या खाटेवर त्यांचा मुक्काम. काचबिंदूने डोळे गेले होते. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून, फार उशीर केलात म्हणून सांगितलं होतं. पण घरात कुठल्या भांड्यावर कुठलं झाकण पडलं हे म्हातारीला आवाजावरून कळायचं.

त्या घरातला मिठाचा डबा हे एक कोडंच होतं. स्वयंपाकघरातलं सगळं स्टीलचं, हा एकच पत्र्याचा. कडा गंजलेल्या, आत प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात मीठ भरलेलं. डब्यावर कधीकाळी बाळाचं चित्र असावं. हात लागून लागून ते पुसलं होतं. एक कान आणि थोडे कुरळे केस तेवढे शिल्लक होते. जेवताना हा डबा ठमाबाईंच्या ताटाशेजारी ठेवावा लागायचा. त्या तो चाचपायच्या, चिमूट घ्यायच्या, मग जेवायच्या.

मागच्या वर्षी घट बसायच्या आधी घराची साफसफाई निघाली. रेश्माने भांडी घासली, फळ्या धुतल्या, आणि मीठ एका नव्या झाकणाच्या बरणीत ओतलं. डबा भंगाराच्या पोत्यात गेला.

जेवायला बसल्यावर ठमाबाईंचा हात ताटाशेजारी फिरला आणि बरणीवर थांबला.

"डबा कुठं हाय?"

"गंजला होता आजी. बरणी आणलीय नवी."

"कुणाला इचारून?"

"गंज पोटात जातो म्हणून…"

"चाळीस वर्सं जातुया. अजून मेले न्हाय." म्हातारीने तोंड स्वयंपाकघराकडं वळवलं. "जयवंते, तुज्या सुनंनं तुजा डबा टाकला. सुटलीस म्हण."

जयवंताबाई उष्ट्या हाताने उठल्या. रेश्माला वाटलं, आता आपल्याला बोलणार. पण त्या मागच्या दारी गेल्या, भंगाराचं पोतं उपडं केलं, डबा शोधला, घासला, पदराने पुसला, बरणीतलं मीठ परत त्यात भरलं आणि आणून ठमाबाईंच्या हाताशी ठेवला. ठमाबाईंनी बोटांनी चाचपला.

"व्हय. ह्योच," त्या म्हणाल्या आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी दोघी मागं हौदावर वाकळा धूत होत्या. पाण्यावरून वारा येत होता. रेश्मा म्हणाली, "आई, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं."

जयवंताबाई वाकळ आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यो माजाच डबा हाय. मुंबईहून आणल्याला."

आणि वाकळ पिळता पिळता त्यांनी सांगितलं. असं सांगितलं की जणू एखाद्या पिक्चरची गोष्ट सांगताहेत.

उजनीचं पाणी जुन्या गावात शिरलं तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. जमीन पाण्याखाली, नवी कुठं मिळेल त्याचा पत्ता नाही. नवरा, गेणूआबा, मुंबईला गोदीत हमालीला गेला, त्या मागोमाग गेल्या. वडाळ्याकडं खाडीच्या काठाने पाण्याचा एक मोठा पाइप जायचा, त्याला टेकून झोपडी. तिथं त्यांना पहिली मुलगी झाली. छकुली. तिला गावाकडच्या कुणीच पाहिलं नाही, ठमाबाईंनीसुद्धा नाही.

छकुली सात महिन्यांची असताना पिक्चरवाले आले. त्यांना खऱ्या झोपड्या हव्या होत्या.

"त्यांना मेल्यालं लेकरू पायजे व्हतं," जयवंताबाई म्हणाल्या. "बाव्हली आणली व्हती त्यांनी. पर ती बाव्हलीच दिसायची. पिक्चरमधली आई झाल्याली बाई मराठी बोलायची. ती आली माज्याकडं. म्हणाली, ताई, झोपल्यालं लेकरू द्या फकस्त, पाच मिंटं. मी आत्ताच पाजलं व्हतं तिला. झोपली व्हती. दिली."

छकुलीला चटईवर ठेवलं. वरून पांढरी चादर घातली, तोंडावरून. आसपासच्या बायकांना भोवती बसून रडायला सांगितलं. जयवंताबाईही त्यांच्यात बसल्या. काम झाल्यावर पिक्चरवाल्यांनी त्यांना दुधाच्या पावडरचा एक डबा दिला.

"पावडर चांगली व्हती. मी चाखून बघितली आदी."

रेश्माच्या मनात एक प्रश्न आला. अंगणवाडीत निकिताच्या वेळी पहिल्याच दिवशी ज्याबद्दल सांगितलं होतं, तो प्रश्न: पावडर कालवली कुठल्या पाण्यात? तिने तो तसाच गिळला.

"चार म्हैन्यांनी पावसाळ्यात तिला जुलाब लागले. दोन दिस. मंग परत तीच चटई, तीच पांढरी चादर, भवती त्याच बायका. फकस्त लायटी न्हवत्या."

गेणूआबा तिला घेऊन गेला आणि पुरून आला. कुठं, ते त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गोदीत कामाला गेला. वर्षभराने दोघं गावाकडं परत आली तेव्हा ठमाबाईंनी सुनेची ट्रंक उघडली. त्यात हा डबा होता. कसला, म्हणून विचारलं. आणि जयवंताबाईंनी होतं तसं सांगून टाकलं.

"काय म्हणाल्या आजी?"

"जित्या लेकराला मढं केलंस. यमाला घर दावलंस. डब्यासाठी." जयवंताबाईंनी वाकळीचं दुसरं टोक रेश्माच्या हातात दिलं. "मंग त्यात मीठ भरलं. सुनंचा हात रोज त्यात गेला पायजे, म्हणाल्या."

दोघींनी वाकळ पिळली. पाणी बराच वेळ निथळत राहिलं.

"फोटो नाही एखादा?"

"न्हाय. म्हणून तर बघतीया. पिक्चरचं नाव ठावं न्हाय, रंगीत हाय का काळा-पांढरा ते बी ठावं न्हाय. हिरोच्या ओठाला चीर पडल्याली व्हती, येवढंच ध्यानात हाय." त्यांनी पिळलेली वाकळ खांद्यावर टाकली. "तिचं तोंड न्हाय दिसायचं, ते मला कळतंय. चादर व्हती. मला येवढंच बघायचंय की ती हलली का. मला वाटतंय तिचा पाय हलला व्हता. ह्यांना किती डाव इचारलं, ते म्हणायचे, न्हाय, गपगार व्हती. हलली आसंल तर ते मढं न्हवतं, झोपल्यालं लेकरू व्हतं. न्हाय हलली, तर आत्याबाई म्हणत्यात तेच खरं. त्या हायत तंवर मला ते बघायचंय."

"आई, असं कुणी झोपवलं म्हणून मूल जात नाही. तेव्हा तिथलं पाणी…"

"ते मला बी कळतं," जयवंताबाई म्हणाल्या, आणि वाकळ दोरीवर घालायला वळल्या.

त्या दिवसापासून रेश्माही शोधायला लागली. पण तिची पद्धत वेगळी. सासूबाई पिक्चर बघायच्या. रेश्मा पिक्चरखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचायची. जुन्या पिक्चरांतल्या चुका काढणारे रिकामटेकडे लोक असतात, हे तिला माहीत होतं. कुणाच्या मनगटावरचं घड्याळ मधेच गायब होतं, कुणाच्या शर्टाचा रंग बदलतो. एखाद्या प्रेताचा पाय हलला असेल तर तो या लोकांच्या नजरेतून सुटणार नाही, असा तिचा हिशोब. काजं करता करता, निकिताला भरवता भरवता ती वाचत होती. दिवाळी गेली. कारखान्याच्या उसाच्या गाड्या सुरू झाल्या, त्यांच्या धुळीने दारातली तुळस पांढरी पडली.

संक्रांतीच्या आधी तिला सापडलं. पिक्चरची सुरुवातच गायब होती, त्यामुळं नाव नव्हतं. टाकणाऱ्याने नुसतं 'पुराना क्राइम पिक्चर, प्रिंट खराब' असं लिहिलं होतं. खाली मोजून सहा लोकांनी काहीबाही लिहिलेलं. त्यातलं एक: 'लाश का पैर हिल गया, डायरेक्टर सो रहा था क्या.' पुढं हसण्याची चार चित्रं. त्याच्या खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, 'साइड वाली आंटी ने संभाल लिया.'

रेश्माने ते तीनदा वाचलं. व्हिडिओ लावून बघायचं तिला धाडस होईना. ती स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "आई, एक पिक्चर आहे. पाय हलल्याचं लिहिलंय कुणीतरी."

जयवंताबाई पीठ मळत होत्या. त्यांनी गोळा पूर्ण मळला, झाकून ठेवला, हात धुतले. मग तोंड धुतलं, केस नीट केले आणि टीव्हीसमोर पाटावर येऊन बसल्या. भर दुपार होती. निकिता आत झोपली होती. ओसरीवर ठमाबाईंची खाट उन्हात होती.

रेश्मा व्हिडिओ पुढं सरकवायला लागली, तर त्या म्हणाल्या, "मधनं न्हाय. पयल्यापासनं लाव."

रंग विटलेले होते, सगळं चहाच्या पाण्यासारखं दिसत होतं. पहिल्याच दृश्यात तो पाइप आला. आडवा, भला मोठा, त्याच्यावर वाळत घातलेले कपडे. मग झोपड्या. एका दारात चूल, चुलीवर पातेलं, बूड काळंकुट्ट.

"आक्काची झोपडी," जयवंताबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने, "तिच्यामागची आमची. दिसत न्हाय. पत्रा दिसतुया बघ, त्यो आमचा."

ओठाला चीर पडलेला हिरो खिसेकापू होता. त्याची मुलगी आजारी. वस्तीतला शेठ दुधाच्या पावडरीत खडू कालवून विकायचा. त्याच्या दुकानाच्या फळीवर डब्यांची रांग होती. कॅमेरा त्यांच्याजवळ गेला आणि रेश्माने हातातली कात्री खाली ठेवली. डब्यावरचं बाळ पुसलेलं नव्हतं. कुरळ्या केसांचं, दोन दात आलेलं, हसणारं. सहा वर्षं रोज हाताळलेल्या डब्याचा चेहरा ती पहिल्यांदा पाहत होती.

हिरो औषध घेऊन धावत आला. पण झोपडीत बायका रडत बसल्या होत्या.

जयवंताबाई उभ्या राहिल्या.

चटई. चटईवर पांढरी चादर, खाली एवढंसं काहीतरी. मराठी बोलणारी ती बाई ऊर बडवत होती. हिरो दारातच खाली बसला. त्याचा चेहरा मोठा झाला, परत लहान झाला. आणि चादरीच्या खालच्या टोकातून एक पाय बाहेर आला. झोपेतलं मूल ताणतं तसा तो ताणला, बोटं फाकली, आणि गुडघ्यातून जरासा वर उचलला गेला.

जयवंताबाईंच्या घशातून हुंकारासारखा आवाज आला.

तेवढ्यात पडद्याच्या डाव्या कडेने एक हात आत आला. बाईचा, हिरव्या बांगड्यांचा. तो त्या पायावर बसला. पाय खाली गेला. हाताने चादर ओढली, पाय झाकला आणि तिथंच राहिला. बाईचा चेहरा कडेच्या बाहेर होता. मग पुढचं दृश्य आलं.

"थांबव."

रेश्माने मागं नेऊन हातावर थांबवलं.

"त्यो माजा हात हाय," जयवंताबाई म्हणाल्या.

टीव्हीचा उजेड त्यांच्या तोंडावर होता. रेश्माला वाटलं होतं त्या रडतील, किंवा हसतील. त्या नुसत्या बघत होत्या, जसं दुसऱ्याच्या झोपडीतलं पातेलं बघायच्या तसं.

"मला ध्यानातच न्हाय हे. ती हलली, आन मी तिला दाबली. काम बिघडंल म्हणून."

"आई, थांबा, परत बघू." रेश्माने परत लावलं. हात आला, बसला. "दाबलं नाही तुम्ही. बघा ना, दोन बोटं वर-खाली होताहेत. थोपटताय तुम्ही तिला. निकिताला थोपटता तसंच."

"दाबलं."

"थोपटलं आई."

प्रिंट खराब होती. बोटं हलत होती की पडदाच थरथरत होता, ते सांगता येत नव्हतं. सहा-सात वेळा लावून झालं. दर वेळी एकीला एक दिसलं आणि दुसरीला दुसरं.

"पुढं लाव," शेवटी जयवंताबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"पुढं आता काय बघायचं?"

"पिक्चर पुरा बघायचा आसतुया."

पुढं ओठाला चीर पडलेल्या त्या माणसाने शेठला शोधून काढलं. वखारी, बोळ, दारूचे गुत्ते, सगळं पालथं घातलं. पोलिसांचा मार खाल्ला. साक्ष द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा त्याने शेठला त्याच्याच गोदामात गाठलं आणि खडूच्या पोत्यांवर मारलं. कोर्टात त्याला विचारलं, का मारलंस? तो म्हणाला, माझी मुलगी होती. एवढं एकच वाक्य. आवाजाचा आणि ओठांचा मेळ नव्हता. पण त्याने ते वाक्य हळू म्हटलं होतं. जयवंताबाईंच्या डोळ्यांतून तिथं पहिल्यांदा पाणी आलं.

"चांगलं काम केलंय ह्या माणसानं," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "कुणीतरी कोर्टात तिचं नाव काढलं."

छकुलीचं नाव पिक्चरमध्ये कुठंच नव्हतं.

"संपला का गं?"

ओसरीवरून ठमाबाईंचा आवाज आला. दोघी दचकल्या.

"हलली का?"

जयवंताबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "तुमाला काय ठावं?"

"आठ वर्सं काय हुडकतीस ते मला कळत न्हाय व्हय? डोळं गेल्यात माजं. कान हायत." म्हातारीने मान वर केली. "हलली का, ते सांग."

जयवंताबाई जाऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या. "हलली, आत्याबाई."

वाऱ्याने वाळत घातलेल्या ब्लाउजच्या बाह्या हलत होत्या.

"कुणावर गेलीया?"

हे काय विचारलं ते जयवंताबाईंना आधी कळलंच नाही. चव्वेचाळीस वर्षांत त्या लेकराबद्दल हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"तोंड न्हाय दिसत. झाकल्यालं हाय. नुसता पाय दिसतुया."

"मंग पाय सांग."

जयवंताबाईंनी गोधडीखाली हात घालून म्हातारीचा एक पाय बाहेर काढला. वाळलेला, हलका, नखं वाकडी झालेला. त्याच्या अंगठ्याशेजारचं बोट धरलं. "हे बोट आंगठ्याच्या म्होरं गेल्यालं. तुमच्यावानी."

"आन हलली कशी?"

त्यांनी तो पाय हळूच ताणला, मग गुडघ्यातून जरासा वर उचलला. "आशी."

"आन मंग?"

दारात उभ्या असलेल्या रेश्माला वाटलं, आता इथंच थांबावं आईंनी. पाय हलला, एवढंच तर हवं होतं. पण मुंबईहून आलेल्या सुनेने ट्रंकेपुढं उभं राहून जसं होतं तसं सांगितलं होतं, तशाच त्या आताही बोलल्या.

"मंग मी हात ठिवला तिच्या पायावर. खाली नेला. चादरीत घातला."

"दाबलास?"

"ठावं न्हाय. रेश्मी म्हणती थोपटलं. मला दाबल्यावानी दिसतुया."

"ठिव," ठमाबाई म्हणाल्या.

"काय?"

"हात. तवा ठिवला व्हतास तसा ठिव."

जयवंताबाईंनी म्हातारीच्या पावलावर हात ठेवला. हिरव्या बांगड्या आता नव्हत्या, गेणूआबा जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी डोळे मिटले. हात कधी जड व्हायचा, कधी हलका. ठमाबाईंचे न दिसणारे डोळे छपराकडं लागले होते, आणि त्या सगळ्या अंगाने त्या एका पावलाशी गेल्यासारख्या दिसत होत्या, जसा अंधारात माणूस एखाद्या आवाजाकडं कान देतो.

आत टीव्हीवर आपोआप दुसरा पिक्चर सुरू झाला. कुणीतरी कुणाच्या तरी मागं पळत होतं. रेश्मा तो बंद करायला वळली, पण दारातच राहिली.

बऱ्याच वेळाने जयवंताबाईंनी हात सैल केला.

"काढू नगं," म्हातारी म्हणाली.

तिने गोधडी वर ओढून घेतली, हनुवटीपर्यंत. तोंड उघडंच ठेवलं. मग तिचा श्वास लांब, सारखा यायला लागला. झोपेत तिचा पाय एकदा हलला. जयवंताबाईंचा हात त्यावरच होता.